दोनशे बासष्ट गाठी

१२ ऑक्टोबर १९९३

आजपासून डायरी. सोसायटीने दिलेली आहे, ९१ सालची, कोरीच पडली होती. वार जुळत नाहीत म्हणून वार लिहिणार नाही.

लिहायला कारण घडले. मला कॉलेजच्या मैदान समितीचा अध्यक्ष केले. जळगावला विद्यापीठ होऊन तीन वर्षे झाली, पण त्यांना अजून स्वतःचे मैदान नाही. म्हणून मैदानी स्पर्धा दर साली एकेका कॉलेजला वाटून देतात. यंदा आमच्या गावच्या कॉलेजचा नंबर. मैदानाची पाच एकर जमीन मीच ७८ साली कॉलेजच्या शिक्षण मंडळाला दिलेली. चेअरमन बन्सीलालशेठ म्हणाले, शालिग्राम आबा, अध्यक्ष तुम्हीच पाहिजे. त्रास काही नाही, कागद येतील तशा सह्या करायच्या.

मी सातवीच्या फायनलला गणितात नापास झालो हे खरे. पेपर तपासणारा कच्चा होता.

संकल्प : १) दुपारचा चहा बंद. २) काळजी करायची नाही. ३) प्रत्येक कागद वाचून सही.

१५ ऑक्टोबर

पहिला कागद आला. इंग्रजीत होता. सही केली.

२३ ऑक्टोबर

घरात कटकट. नात सुनंदा एस.वाय.ला आहे, आठशे मीटर पळते. पहाटे बांधाबांधाने पळते, मला आधी वाटायचे मागे कुत्रे लागले. तिला चाळीसगावचे स्थळ आले. मुलगा रेल्वेत. लीलाधर, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो वैशाखात उरकून टाकू. सुनंदा म्हणाली, मी विद्यापीठाच्या संघात निवडले गेले तर बी.ए. होईपर्यंत दोन वर्षे लग्नाचं नाव काढायचं नाही. लीलाधर म्हणाला, आणि नाही निवडली तर? ती म्हणाली, तर वैशाख.

बाप-लेकीत असा सौदा होतो का? मी मध्ये पडलो. म्हणालो, लीलाधर, मैदान माझ्या ताब्यात आहे, पोरगी निवडली जाणारच, शब्द देतो. लीलाधर म्हणाला, आबा, पळायचं तिला आहे. झुंबरबाई (सौ.) चुलीपासून म्हणाली, यायले इचारलं कोनी?

रात्री पोटात गॅस.

२ नोव्हेंबर

निवडीची अट समजली. मुलींना आठशे मीटर दोन मिनिटे पंचवीस सेकंदांच्या आत. सुनंदाला आता दोन-सत्तावीस, दोन-अठ्ठावीस लागतात, असे कौतिक सर म्हणाले. कौतिक सर मराठी शिकवतात. क्रीडा शिक्षकाची जागा दोन वर्षांपासून रिकामी, पगार मंजूर नाही, म्हणून शिट्टी त्यांच्या गळ्यात. ती वाजवताना ते लाजतात.

सुनंदाला बदाम सुरू करायला सांगितले. लीलाधरला पैसे मागायचे राहिले.

९ नोव्हेंबर

मुरमाच्या बिलावर सही केली. चाळीस ट्रिपा. मैदानावर मी बाराच मोजल्या, पण मी दुपारी झोपतो. तेव्हा अठ्ठावीस येऊन गेल्या असतील.

त्याच बिलात खाली ‘पोलादी टेप, पन्नास मीटर, नग एक’. टेप पाहायला मागितला. बन्सीलालशेठ म्हणाले, कपाटात आहे, किल्ली भुसावळला गेलेल्या क्लार्ककडे. क्लार्क केव्हा येणार? म्हणाले, आबा, लगीन त्याच्या मेहुण्याचं आहे, मी कसं सांगू.

२६ नोव्हेंबर

क्लार्क आला नाही. स्पर्धा अकरा डिसेंबरला. ट्रॅक आखायचा आहे आणि कौतिक सर रडायच्या बेतात. दुपारचा चहा सुरू केला, नाइलाज.

२८ नोव्हेंबर

युक्ती सुचली. असल्या वेळी शिकलेली माणसे हातावर हात धरून बसतात.

माळ्यावरून वडिलांची केळी लावायची दोरी काढली. घायपाताची, चाळीस वर्षांची, अजून मजबूत. दर पाच फुटांवर गाठ, गाठीला लाल चिंधी. दोरी ताणायची आणि गाठीला एक कंद लावायचा. या दोरीला बरकत आहे. लोकांच्या एकरात साडेसतराशे खोडे बसायची, आमच्या साडेएकोणीसशे. गावात वडिलांना म्हणायचे, जीवराम नानाचा हातच तसा.

हिशोब केला. चारशे मीटर म्हणजे तेराशे बारा फूट. भागिले पाच. दोनशे बासष्ट गाठी. परीक्षकाने पाहायला हवे होते.

३० नोव्हेंबर

ट्रॅक आखून झाला. मी गाठी मोजल्या, कौतिक सरांनी मागून फक्की मारली. पांढरी रेघ फार छान दिसते. मग ‘ट्रॅक मोजून चारशे मीटर भरला’ असा दाखला कौतिक सरांनी सुवाच्य लिहिला, खाली माझी सही. सर म्हणाले, आबा, टेपने एकदा पाहिलं असतं. मी म्हणालो, सर, टेप काय सांगतो? आकडा. दोरी अनुभव सांगते. ते म्हणाले, वाक्य चांगलं आहे.

११ डिसेंबर

आज डायरीला जास्त जागा लागणार.

स्पर्धेचा पहिला दिवस. पळण्याच्या सहा शर्यती झाल्या आणि सहाही विक्रम मोडले! जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळीकडची पोरे आलेली. मांडवात टाळ्या थांबेनात. कुलगुरू माइकवर म्हणाले, या मातीत काहीतरी आहे. मी उठून नमस्कार केला.

सुनंदा आठशे मीटर दोन मिनिटे एकोणीस सेकंदांत! पहिली! मी लीलाधरकडे पाहिले. लीलाधर मैदानावर नव्हताच, केळीची गाडी भरत होता.

सुनंदा मात्र पळून झाल्यावर रेघेकडे बघत उभी राहिली. दमली असेल. मी म्हणालो, बेटा, रेकॉर्ड! ती म्हणाली, हो आबा.

१२ डिसेंबर

दुसरा दिवस. आणखी पाच विक्रम. एकच गालबोट.

धुळ्याचे भाईदास सर म्हणून क्रीडा शिक्षक आहेत. पंधराशे मीटरचा खानदेशातला विक्रम १९७४ पासून त्यांचा, विद्यापीठाने तोच धरला होता. तो आज सहा पोरांनी मोडला. सहावा आला तो पोटाला हात लावून चालत आला, तरी मोडला. भाईदास सर मैदानात मधोमध जाऊन ओरडले, हाई बठ्ठं (सगळं) खोटं शे! मैदान लहान शे! लोक हसले. त्यांच्याच कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांना दंडाला धरून नेले, कारण त्यांची पोरे चार विक्रम घेऊन चालली होती. प्रत्येक विक्रमाला गुण मिळतात, नोकरीला उपयोग होतो. कुणाला नको आहेत?

म्हातारपणी माणसाचा असा जळफळाट होतो. सरांचे वय चाळीस-बेचाळीस असेल. वाईट वाटले.

१४ डिसेंबर

संघाची यादी लागली. सुनंदाचे नाव आहे! फेब्रुवारीत अखिल भारतीय स्पर्धा. लीलाधर म्हणाला, सौदा म्हणजे सौदा, चाळीसगावला कळवतो. पण कार्ड अजून आणले नाही. पोस्ट घराच्या समोर आहे.

संकल्प : मैदानाला माझे नाव द्यावे असा ठराव बन्सीलालशेठकडून आपोआप येईल असे बघणे.

१९ डिसेंबर

काळा दिवस.

जेवताना झुंबरबाईला सहज म्हणालो की दोरीचं हारफुलं घालून पूजन करावं. ती म्हणाली, कोन्ती दोरी? मी सांगितले. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली. म्हणाली, अहो, त्या दोरीच्या गाठी सासऱ्यांनी आखडून बांधेल होत्या! तीन-तीन बोटं. एकरात खोडं जास्त बसावी म्हनून. मले सासूबाईंनी सांगेल होतं. तुमाले मालूम नाही?

मी म्हणालो, बरकत? ती म्हणाली, कशाची बरकत, दाटीमुळं घड लहान निंघे.

पोळी जळली. मी जेवलो नाही. नंतर थोडे जेवलो.

२० डिसेंबर

सुनंदाच्या फूटपट्टीने गाठी मोजल्या. चार फूट नऊ इंच. दुसरी, चार फूट नऊ इंच. वडील कामात चोख होते. दोनशे बासष्ट गुणिले तीन इंच. साडेपासष्ट फूट कमी. मीटरमध्ये वीस.

उद्या सकाळी प्रथम कौतिक सरांना खरे सांगायचे. ठरले.

२१ डिसेंबर

सकाळी सरांचा तास होता.

२४ डिसेंबर

सांगायला निघालो होतो. अर्ध्या वाटेत विचार केला. मी खरे सांगितले तर सुनंदाचे नाव यादीतून जाणार. दोन वर्षे जाणार, वैशाख येणार. म्हणजे माझे गप्प बसणे हे माझ्यासाठी नाही, पोरीसाठी आहे. हे लक्षात आल्यावर बरे वाटले. परत फिरून चहा घेतला.

३ जानेवारी १९९४

विद्यापीठात तक्रार अर्ज गेला! ट्रॅक पुन्हा मोजा म्हणून. बन्सीलालशेठने बोलावले होते. पहिल्यांदाच बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, आबा, चौकशी समिती येतेय पंधरा तारखेला, टेप घेऊन. मी म्हणालो, आपला टेप? ते म्हणाले, त्या टेपचं नाव काढू नका.

अर्ज कोणी केला ते गुप्त आहे. गुप्त कसले. भाईदास!

५ जानेवारी

भाईदास सरांना पत्र लिहायला बसलो. ‘आपण एका गरीब मुलीच्या आयुष्याशी खेळत आहात.’ आम्ही गरीब नाही, चौदा एकर बागायत आहे. खोडले. ‘एका मुलीच्या’ केले. मग पत्ता माहीत नव्हता.

सुनंदा रोज पहाटे पळते, आता लांब जाते, फैजपूरच्या रस्त्याने. वाळली आहे. तिला म्हणालो, काळजी करू नको, तुझा आबा आहे. ती म्हणाली, तेच.

११ जानेवारी

योजना तयार. समिती मोजणार म्हणजे काय, जी रेघ दिसेल ती मोजणार. मग रेघच बाहेर सरकवली तर? सोपे होते, आधी सुचले नाही. साडेपासष्ट फूट वाढवायला रेघ किती सरकवावी, हे गणिताने निघेना. अर्धा तास बसलो. अंदाजाने नऊ पावले धरली.

संकल्प : यानंतर खोटे बोलायचे नाही. हे बोलणे नाही.

१५ जानेवारी, सकाळी ७

पाचला उठून एकट्याने फक्की मारली. दोन पोती. कंबर गेली. जुनी रेघ पायाने पुसू लागलो, पण दहा पावलांवर पाय वळेना. आता एक रेघ आत, एक बाहेर. लांबून एकच दिसते. माझा चष्मा घरी आहे.

१५ जानेवारी, संध्याकाळ

समिती तीन माणसांची. बरोबर भाईदास सर. आल्याआल्या एक जण म्हणाले, दोन रेघा कशाला? कौतिक सर आभाळाकडे पाहू लागले.

टेप लावला. आतली रेघ : तीनशे एकोणऐंशी मीटर. बाहेरची : चारशे एकवीस.

मी पुढे होऊन नम्रपणे सांगितले की दोन्हींची सरासरी काढावी, बरोबर चारशे येते. मी मनातल्या मनात काढली होती. समितीतले एक गृहस्थ खोकत कॉलेजच्या भिंतीमागे गेले. बराच वेळ आले नाहीत.

मग बन्सीलालशेठ म्हणाले, ट्रॅक आबांनीच आखला, दाखल्यावर सही त्यांचीच, मंडळाचा संबंध नाही. सोळा वर्षांपूर्वी हाच माणूस जमिनीसाठी माझ्या ओट्यावर रोज यायचा.

माझा तोल गेला. मी भाईदास सरांना म्हणालो, तुमच्या जुन्या विक्रमासाठी माझ्या नातीविरुद्ध अर्ज केलात. पोरीचं नशीब खराब केलंत. भाईदास सर म्हणाले, आबा, मी अर्ज करनाच नही. माले कोन ईचारस? मी तो दिवस वरडीसनी (ओरडून) थकी गयथू. मग त्यांनी समितीच्या फायलीकडे बोट केले. समितीच्या माणसाने अर्ज वाचला. खाली सही : कु. सुनंदा लीलाधर पाटील, स्पर्धक क्रमांक ४७.

ती तिथेच होती, मैदानाच्या कडेला मुलींत उभी. सगळ्यांनी तिकडे पाहिले. मी पाहिले नाही.

१६ जानेवारी

काल रात्री ती माझ्या खाटेपाशी येऊन बसली. म्हणाली, आबा, मला पळतानाच कळलं. शेवटच्या वळणावर श्वास शिल्लक होता. तो शिल्लक राहत नसतो.

मी म्हणालो, मग गप्प बसायचं. मी तुझ्यासाठीच गप्प बसलो होतो. ती म्हणाली, तुम्हाला माहीत होतं? मी म्हणालो, एकोणीस तारखेपासून.

ती म्हणाली, अखिल भारतीयला मैदान चारशेचंच असतं आबा. तिथं मी सगळ्यांच्या मागं पळत आले असते, पाठीवर रेकॉर्डवालीचा नंबर लावून.

यावर माझ्याकडे उत्तर होते. झोप लागली म्हणून द्यायचे राहिले.

२४ जानेवारी

विद्यापीठाचे पत्र. पळण्याचे अकराही विक्रम रद्द. संघाची निवड नव्याने, धुळ्याच्या मैदानावर, ३० तारखेला. गावात मला बघून पोरे सरासरी सरासरी म्हणतात. केळीचा व्यापारी भिकन वजनकाट्यावर म्हणाला, आबा, तुमच्या काट्याने घेऊ की आमच्या?

लीलाधर पोस्टातून कार्ड घेऊन आला आहे. कोरे आहे. फडताळात ठेवले, कोणत्या मजकुरासाठी ते बोलला नाही.

२६ जानेवारी

राजीनामा लिहिला. तीन वेळा लिहिला. ‘नैतिक जबाबदारी’ हे शब्द कौतिक सरांनी सुचवले. धुळ्याला विद्यापीठाचे अधिकारी येणारच आहेत, त्यांच्या हातात सगळ्यांसमोर द्यायचा. आणि परतताना लीलाधरशी शेवटचे बोलायचे : निकाल काहीही लागो, पोरीला दोन वर्षे द्यायची. शब्द पाठ केले. आवाज वरचा लावायचा, पण हात हलवायचा नाही.

३० जानेवारी, रात्री

धुळे. सुनंदा, लीलाधर आणि मी. लीलाधर आला कारण माझ्या भरवशावर पोरीला पाठवायला झुंबरबाई तयार नव्हती. त्याने तिला पळताना कधी पाहिलेच नव्हते. आठशे मीटर साडेदहाला.

सव्वादहाला मी अधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेलो. गर्दी होती. राजीनामा पुढे केला. तिथल्या क्लार्कने वाचला, फाइल चाळली, पुन्हा वाचला. म्हणाला, मैदान समिती? अशी समिती आमच्याकडे कळवलेलीच नाही. आपण कोण? मी म्हणालो, अध्यक्ष. तो म्हणाला, कशाचे? मी म्हणालो, मग बिलावर सही कोणाची? दाखल्यावर कोणाची? त्याने पाहिले. म्हणाला, सही आहे, पद नाही. सही कोणीही करतो. मी विचारले, मग टेपचे आणि मुरमाचे पैसे? तो म्हणाला, तो विषय व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत. ती केव्हा? तारीख ठरली की कळवू. तुम्हाला नाही, मंडळाला. मी म्हणालो, निदान राजीनाम्याची पोच द्या. तो म्हणाला, नेमणूक नाही तर राजीनामा कसा घेऊ बाबा?

साहेबांना विचारतो म्हणून गेला. मी उभा राहिलो. पाठीमागे पिस्तूल वाजले. लोक ओरडत होते. मला वाटले, पोच घेऊन जावे, दोन मिनिटांचे काम आहे.

तो आला तेव्हा शर्यत झाली होती.

सुनंदा गवतावर पालथी पडली होती. मी विचारले, किती? भाईदास सर तिथेच घड्याळ घेऊन उभे होते. दोन-पंचवीस आणि सहा दशांश. दुसरी आली. पंचवीसच्या आत पाहिजे होते. म्हणजे एका सेकंदाच्या आतबाहेर. मी भाईदास सरांना म्हणालो, सहा दशांश म्हणजे काहीच नाही, तेवढे धरून चाला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते सुनंदाला म्हणाले, पोरी, हाई खरं शे.

लीलाधर कुंपणाशी उभा होता. तार दोन्ही हातांनी धरलेली, हातावर वळ उठले होते. त्याला म्हणालो, बघितलंस? तो म्हणाला, ही अशी पळते?

परतीची एस.टी. शिरपूर-चोपड्यावरून. ती दोघे पुढच्या सीटवर, मला मागे चाकावरची जागा मिळाली. भाषण पाठ होते. मी सोनगीर सोडल्यावर सुरू करायचे ठरवले होते. सोनगीरला गाडी थांबली, लीलाधरने खाली उतरून भजी आणली, तिच्या हातात कागद दिला. मला दिली नाहीत, गॅसमुळे. मग गाडी सुटताना तिला म्हणाला, पुढच्या साली किती सेकंद कमी करावे लागतील?

ती म्हणाली, एक.

तो म्हणाला, चाळीसगावला लिहितो, यंदा नाही.

मी मागून म्हणालो, मीही हेच सांगणार होतो. दोनदा म्हणालो. इंजिनचा आवाज फार होता.